गळ्यातील गाठ आणि हातातले आठवडे

थायरॉईडचा कर्करोग हा त्यातल्या त्यात ‘बरा’ कर्करोग, असे वाक्य रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात नातेवाइकांना धीर देण्यासाठी वारंवार उच्चारले जाते. ते खोटे नाही. या ग्रंथीच्या कर्करोगांपैकी सुमारे ८० टक्के ‘पॅपिलरी’ प्रकारचे असतात. ते सावकाश वाढतात, शस्त्रक्रियेने निघतात आणि उरलेल्या पेशी किरणोत्सारी आयोडीनने नष्ट करता येतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून हे उपचार होत आले आहेत आणि गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण घेऊन पुढे वीस-तीस वर्षे शेती, नोकरी, संसार करणारी माणसे वऱ्हाडातही आहेत. मात्र याच ग्रंथीत निर्माण होणारा एक प्रकार या धीराच्या वाक्याला पूर्णतः अपवाद ठरतो. वैद्यकीय परिभाषेत त्याला ‘ॲनाप्लास्टिक’ कर्करोग म्हणतात. थायरॉईडच्या शंभर कर्करुग्णांत तो जेमतेम एक-दोघांना होतो, पण झाला की रुग्णापाशी वर्षे नव्हे, आठवडे उरतात. निदानानंतर निम्मे रुग्ण साधारणतः पाच-सहा महिन्यांच्या आत दगावतात, असे जगभरातील जुन्या पाहण्यांचे चित्र होते. इतर कर्करोगांना पहिली, दुसरी, तिसरी अशी अवस्था असते, तर हा आजार निदानाच्या दिवशीच चौथ्या अवस्थेत गणला जातो.

या आजारावर केमोथेरपी आणि किरणोपचार एकाच वेळी देण्याची पद्धत गेली चार दशके वापरात आहे. अमरावती-अकोल्यातील कुटुंबावर हा प्रसंग ओढवला, तर हे दुहेरी उपचार घ्यावेत का, कोठे घ्यावेत आणि त्यातून नेमके काय पदरी पडेल, या प्रश्नांची उत्तरे महानगरातील रुग्णाच्या उत्तरांपेक्षा वेगळी आहेत. याचे कारण औषधाच्या उपलब्धतेपेक्षा अंतराशी आणि वेळेशी अधिक निगडित आहे.

उपचारावरून आजाराचा अंदाज

या दुहेरी उपचारांची चर्चा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली ती २००४ साली, अमेरिकेचे तत्कालीन सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांच्या आजारपणामुळे. त्यांना थायरॉईडचा कर्करोग झाल्याचे न्यायालयाने २५ ऑक्टोबर २००४ रोजी जाहीर केले. प्रकार कोणता, हे सांगितले नाही. श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले होते. आठवडाभरात प्रसिद्ध झालेल्या निवेदनात, किरणोपचार आणि केमोथेरपी दोन्ही सुरू असल्याचा उल्लेख होता. तेवढ्यावरून अनेक कर्करोगतज्ज्ञांनी जाहीर अंदाज बांधला, की हा ॲनाप्लास्टिक कर्करोग असावा. कारण उघड होते. पॅपिलरी प्रकारात सहसा केमोथेरपी देत नाहीत. दोन्ही शस्त्रे एकदम उपसण्याची वेळ या एकाच प्रकारात प्रामुख्याने येते. रेनक्विस्ट यांनी २० जानेवारी २००५ रोजी थंडीत उभे राहून राष्ट्राध्यक्ष बुश यांना शपथ दिली, मार्चमध्ये ते न्यायासनावर परतले आणि ३ सप्टेंबर २००५ रोजी वयाच्या ८०व्या वर्षी त्यांचे निधन झाले. निदानापासून मृत्यूपर्यंत सुमारे साडेदहा महिने. जगातील उत्तमोत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेल्या व्यक्तीची ही कथा असली, तरी तिच्यातील एक गोष्ट सामान्य रुग्णालाही लागू पडते. त्या साडेदहा महिन्यांतील बराचसा काळ ते घरी होते आणि काम करीत होते.

दोन शस्त्रे एकत्र कशासाठी?

किरणोत्सारी आयोडीन या आजारात निरुपयोगी ठरते, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. निरोगी थायरॉईड पेशी रक्तातील आयोडीन खेचून घेतात आणि पॅपिलरी कर्करोगातील पेशीही हा गुण बऱ्याच अंशी टिकवून ठेवतात. ॲनाप्लास्टिक पेशी मात्र आपले मूळच विसरलेल्या असतात. आयोडीन शोषण्याची क्षमता त्यांच्यात उरलेली नसते. म्हणून बाहेरून यंत्राद्वारे किरण सोडावे लागतात. पण या पेशी किरणांनाही सहजासहजी दाद देत नाहीत. किरणांनी पेशीतील जनुकीय साखळी तुटते आणि पेशी ती पुन्हा जोडून घेते. ही दुरुस्ती अडविणारे किंवा पेशीला तिच्या सर्वांत नाजूक क्षणी थांबवून धरणारे औषध त्याच सुमारास शरीरात असले, तर किरणांचा घाव वर्मी बसतो. येथे केमोथेरपीचे मुख्य काम स्वतः कर्करोग मारण्याचे नसून किरणांना धार लावण्याचे असते. त्यामुळे औषधाची मात्राही नेहमीपेक्षा कमी ठेवतात.

या कामासाठी प्रथम वापरले गेले ते डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्णांच्या तोंडी असलेले ‘लाल औषध’. इटलीच्या मातीतील जिवाणूपासून मिळालेल्या या औषधाचे ‘ॲड्रियामायसिन’ हे जुने नाव ॲड्रियाटिक समुद्रावरून पडले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७४ साली त्याला मान्यता दिली, तेव्हा ज्या कर्करोगांसाठी ती होती त्यांत थायरॉईडचाही समावेश होता. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील किम आणि लीपर यांनी १९८७ साली १९ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकदा अल्प मात्रेत डॉक्सोरुबिसिन आणि ठरावीक दिवशी दोनदा किरणोपचार, अशी ती पद्धत होती. बहुतेकांची गळ्यातील गाठ ओसरली आणि निम्मे रुग्ण वर्षाच्या आसपास जगले. त्या काळाच्या मानाने हे लक्षणीय यश होते. पुढे डोसेटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल आणि प्लॅटिनम गटातील औषधे आली. आज बहुतेक ठिकाणी याच औषधांचा वापर होतो.

तथापि, या यशाचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक आहे. स्वीडनमधील ५५ रुग्णांचा जो आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात किरणोपचार, डॉक्सोरुबिसिन आणि शक्य तेथे शस्त्रक्रिया अशा त्रिसूत्रीचा वापर झाला होता. दोन वर्षांहून अधिक काळ जगलेले रुग्ण अवघे पाच होते. मात्र गळ्यातील गाठ आटोक्यात न राहिल्यामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण २४ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. उरलेल्यांपैकी बहुतेक रुग्ण फुफ्फुसांत किंवा अन्यत्र पसरलेल्या आजाराने गेले. आकड्यांच्या भाषेत हा फरक किरकोळ वाटेल; रुग्णाच्या अंथरुणाशेजारी बसणाऱ्याला तो तसा वाटत नाही. उपचारांविना या आजाराचा शेवट बहुधा श्वासनलिका आवळली जाऊन होतो, गिळणे बंद पडते, आवाज जातो. दुहेरी उपचारांनी आयुष्यात काही महिन्यांची भर पडते किंवा पडतही नाही. पण श्वास कोंडून मृत्यू येणे पुष्कळ अंशी टळते. वस्तुतः डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यातील पहिल्या संभाषणात हीच गोष्ट सर्वांत आधी यावयास हवी. प्रत्यक्षात ‘बरे होतील का?’ या प्रश्नाभोवतीच ते फिरत राहते.

या उपचारांना बळकट पुरावा किती, हाही प्रश्न आहे. आजार दुर्मीळ, रुग्ण वयस्क आणि वेळ थोडा. त्यामुळे मोठ्या तौलनिक चाचण्या झाल्याच नाहीत. मोठ्या रुग्णनोंदींतून काढलेले निष्कर्ष दुहेरी-तिहेरी उपचार घेणारे अधिक जगतात असे दाखवितात, पण मुळात तब्येतीने धडधाकट असणाऱ्यालाच असे उपचार सोसवतात आणि दिले जातात, हा त्यातील पेच आहे. अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०२३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅक्लिटॅक्सेल आणि किरणोपचारांच्या जोडीला पॅझोपॅनिब ही गोळी देऊन पाहण्यात आली. एका वर्षानंतर गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३७ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी २९ टक्के रुग्ण हयात होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. चाचणीत जेमतेम ७१ रुग्णांचा हिशेब होता आणि तेवढे जमवायलाही अनेक वर्षे लागली. तिच्यातून हाती आलेली उपयुक्त गोष्ट अशी, की काळजीपूर्वक दिलेल्या दुहेरी उपचारांनंतरही दहापैकी सुमारे सात रुग्ण वर्ष पाहू शकत नाहीत.

वऱ्हाडातील वाट

आता हाच आजार दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा धारणीच्या बाजूला एखाद्या सत्तरीतील शेतकऱ्याला किंवा त्याच्या पत्नीला झाला, असे धरून चालू. पुष्कळदा अशा व्यक्तीच्या गळ्याला जुना गलगंड असतो. तो वीस वर्षे तसाच असतो, दुखत नाही, म्हणून त्याची सवय झालेली असते. (गलगंड असणाऱ्या बहुसंख्यांना कधीही कर्करोग होत नाही, हेही येथेच सांगावयास हवे.) एके दिवशी तो वाढू लागतो आणि महिन्याभरात सदऱ्याचे वरचे बटण लागेनासे होते. आवाज घोगरा होतो. गावातील डॉक्टर सर्दी-खोकल्याची औषधे देतात. थायरॉईडची रक्ततपासणी केली तर ती बहुधा सामान्य येते आणि उगाच हायसे वाटते. तेथून ग्रामीण रुग्णालय, मग अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, कान-नाक-घसा तज्ज्ञ, सोनोग्राफी, सुईने पाणी काढून तपासणी, सीटी स्कॅन, अहवाल, पुन्हा सुई. प्रत्येक टप्प्याला एक आठवडा धरला, तरी दीड-दोन महिने निघून जातात. ही गाठ काही आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. पहिल्या दिवशी शस्त्रक्रियेने निघू शकली असती, ती शेवटच्या अहवालाच्या दिवशी श्वासनलिकेला आणि मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना विळखा घालून बसलेली असते.

या वाटेवरील एक खाचखळगा विशेष धोक्याचा आहे. बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात पुष्कळदा केवळ मृत पेशी येतात आणि अहवाल अनिर्णित राहतो. वय जास्त, गाठ मोठी, श्वास लागलेला. अशा वेळी ‘घरी न्या, आता काही उपयोग नाही’ असा सल्ला दिला-घेतला जाण्याची शक्यता मोठी असते. परंतु थायरॉईडमध्ये होणारा लिम्फोमा हा रक्तपेशींचा कर्करोग बाहेरून हुबेहूब असाच दिसतो. तीच वयस्क व्यक्ती, तीच झपाट्याने वाढणारी गाठ, तोच घोगरा आवाज. त्यावरही केमोथेरपी आणि किरणोपचारच देतात. फरक इतकाच, की तेथे बहुसंख्य रुग्ण खरोखर बरे होतात. या दोहोंतील भेद डोळ्यांनी कळत नाही. जाड सुईने मांसाचा तुकडा काढून त्यावर विशेष रंगचाचण्या केल्या तरच तो कळतो. वऱ्हाडातील जिल्हा पातळीवर यापेक्षा महत्त्वाची दुसरी सुधारणा क्वचितच सुचविता येईल. महिन्याभरात वाढलेल्या थायरॉईडच्या गाठीचा तुकडा त्याच आठवड्यात काढावा आणि त्याचा अहवाल तातडीचा मानावा, एवढीच ती आहे. त्यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही.

निदान झाल्यावर पुढे जायचे कोठे? आजवरची सवय मुंबईची आहे. अंबा एक्स्प्रेसने किंवा बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास, परळचे टाटा रुग्णालय आणि मुक्कामाला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाच्या वास्तूत वऱ्हाडातील किती कर्करुग्णांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी रात्री काढल्या असतील, त्याला गणती नाही. टाटाचे ज्ञान आणि अनुभव यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. पूर्ण मात्रेतील किरणोपचार म्हणजे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे ३० ते ३३ बैठका, अर्थात सहा ते साडेसहा आठवडे. त्यापूर्वी तपासण्या, मुखवटा तयार करणे, आराखडा आणि प्रतीक्षा यांत आणखी काही आठवडे. घसा सोलवटणे, गिळता न येणे आणि नाकातून नळीने अन्न देणे, हे सोसून पूर्ववत होण्यास पुन्हा महिनाभर. ज्याच्यापाशी सरासरीने पाच-सहा महिने आहेत, त्याने त्यातील निम्मे परगावी धर्मशाळेत घालवावेत का, हा निर्णय रुग्णाचा असला पाहिजे. बहुतेक वेळा तो मुलगा किंवा जावई घेतो आणि रुग्णाला आजाराचे नावही ठाऊक नसते.

सुदैवाने मुंबई हा आता एकमेव पर्याय राहिलेला नाही. नागपूर अमरावतीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तेथे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय दीर्घकाळ विदर्भाचा भार वाहत आले आहे. यावलीत जन्मलेले आणि मोझरीच्या गुरुकुंजात ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच देह ठेवलेले तुकडोजी महाराज यांचे नाव त्या रुग्णालयाला आहे. जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे २०२३ साली विस्तारित स्वरूपात उद्घाटन झाले. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. अकोल्यात संत तुकाराम रुग्णालयामुळे पश्चिम वऱ्हाडातील रुग्णांना किरणोपचार जवळ मिळू लागले. शिवाय केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र देण्याचे तंत्र या केंद्रांना नवीन नाही. खर्रा आणि तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांवर ती पद्धत येथे नित्याची आहे. ज्या वृद्धांना सिस्प्लॅटिन झेपत नाही, त्यांना किरणोपचारांच्या जोडीने डोसेटॅक्सेल देणे फायद्याचे ठरते, हे तर टाटा रुग्णालयाच्याच ३५६ रुग्णांवरील चाचणीने दाखवून दिले आहे. तोंड-घशाच्या कर्करोगाचे निष्कर्ष थायरॉईडला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण औषध कसे द्यावे, त्रास कसा सांभाळावा, याचा सराव येथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना आहे, हे निर्विवाद.

यंत्राच्या बाबतीत मात्र सरसकट समाधान मानता येणार नाही. थायरॉईड ग्रंथी मानेच्या मणक्याला लागूनच असते आणि मज्जारज्जूला साधारण ४५ ते ५० ग्रेपेक्षा अधिक मात्रा सोसवत नाही. गाठीला तर ६० ते ६६ ग्रे हवी असते. जुन्या कोबाल्ट यंत्रावर हा तोल साधणे अवघड जाते. लिनिअर ॲक्सिलरेटरवरील ‘आयएमआरटी’ तंत्राने किरणांची मात्रा मज्जारज्जूला वळसा घालून देता येते. म्हणून ‘किरणोपचारांची सोय आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. यंत्र कोणते, आराखडा किती दिवसांत होतो आणि पहिली बैठक कोणत्या तारखेला, हे तीन प्रश्न नातेवाइकांनी विचारलेच पाहिजेत. २०२४ साली अमरावती, वाशिम आणि बुलडाणा येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता मिळाली, त्याचे स्वागत झाले ते योग्यच. पण महाविद्यालय म्हणजे किरणोपचार विभाग नव्हे. जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांवाचून ते यंत्र चालत नाही. घोषणा आणि पहिली बैठक यांच्यातील अंतर वर्षांत मोजावे लागते.

खर्चाचा भार पूर्वीपेक्षा हलका झाला आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना असे नाव घेतलेल्या या योजनेत केमोथेरपी आणि किरणोपचार दोन्ही बसतात आणि विम्याची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत नेण्यात आली आहे. तथापि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, परगावची खोली, रोजचा ऑटो आणि ऐन सोयाबीन काढणीत रिकामे पडलेले घर यांची भरपाई कोणतीही योजना करीत नाही. सहा आठवड्यांच्या उपचारांत हा अदृश्य खर्चच कुटुंबाला अधिक जाचतो आणि उपचार अर्ध्यावर सोडण्याचे कारणही पुष्कळदा तोच असतो. अर्ध्यावर सोडलेले किरणोपचार त्रास पूर्ण देतात आणि लाभ थोडा.

जनुकाच्या चाचणीने बदललेले चित्र

गेल्या काही वर्षांत या आजाराच्या चर्चेत एक नवा धागा आला आहे. काही रुग्णांच्या गाठीत ‘बीआरएएफ’ या जनुकातील विशिष्ट बदल आढळतो. निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण बरेच बदलते. काही ठिकाणी ते निम्म्याच्या जवळ जाते. अशा रुग्णांसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्यांच्या जोडीला अमेरिकेत ४ मे २०१८ रोजी मान्यता मिळाली. ३६ रुग्णांच्या चाचणीत ५६ टक्क्यांची गाठ लक्षणीय आकसली आणि निम्मे रुग्ण साडेचौदा महिन्यांहून अधिक जगले. शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेली गाठ या गोळ्यांनी लहान होऊन मग काढता आली, अशीही उदाहरणे नोंदली गेली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयाने ४७९ रुग्णांचा वीस वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण २०१३ पर्यंतच्या काळातील ३५ टक्क्यांवरून २०१७ ते २०१९ या काळात ५९ टक्क्यांवर गेलेले दिसले. या आजारात असा आलेख पूर्वी कोणी पाहिला नव्हता. साहजिकच अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही चाचणी निदानाच्या क्षणीच करण्यावर भर दिला आहे.

गोळ्यांचा खर्च सामान्य कुटुंबाला पेलणारा नाही आणि ही जोडी कालांतराने निष्प्रभ होते, हे खरे. पण चाचणीचे तसे नाही. जनुकीय तपासणीच्या संपूर्ण अहवालाला आठवडे लागत असले, तरी या एका बदलासाठी साध्या रंगचाचणीनेही दोन-तीन दिवसांत पुरेसा विश्वसनीय कौल मिळतो आणि ती त्याच तुकड्यावर करता येते. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे लहान केंद्रातील डॉक्टरला टाटातील तज्ज्ञांचे मत रुग्णाला न हलविता मिळू शकते. तुकडा अमरावतीत काढावा, काचपट्ट्या आणि स्कॅन पुढे पाठवावेत आणि रुग्णाने मात्र निर्णय होईपर्यंत आपल्या घरी राहावे, ही व्यवस्था आज अशक्य नाही. आजही बहुतांशी उलटेच घडते. रुग्ण प्रवास करतो आणि कागद मागे राहतात.

या आजाराचे वऱ्हाडातील प्रमाण किती, याचे उत्तर देणारी यंत्रणा मात्र उभी राहिलेली नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात नागपूर आणि वर्धा यांची लोकसंख्याधारित नोंदणी आहे. अमरावती आणि अकोला यांची नाही. नागपूरला उपचार घेतलेला अचलपूरचा रुग्ण नागपूरच्या नोंदीत ‘बाहेरचा’ असतो आणि घरीच दगावलेला कोठेच नसतो.

दुहेरी उपचार सोसणार नाहीत, अशा रुग्णांची संख्याही मोठी असते. फुफ्फुसांत पसरलेला आजार, ऐंशीच्या पुढचे वय, मधुमेह, दुबळे हृदय. लाल औषध तर हृदयालाच अपाय करू शकते. अशांसाठी पाच बैठकांचा लघुमात्रेचा किरणोपचार हा एक सन्मान्य मार्ग आहे. त्याने गाठीचा दाब काही काळ कमी होतो आणि आठवड्याभरात माणूस घरी परततो. वेदनेसाठी मॉर्फिन लागते. ते मिळविण्यातील कायद्याच्या अडचणी २०१४ च्या अमली पदार्थ कायद्यातील दुरुस्तीने बऱ्याच कमी झाल्या आणि महाराष्ट्राने त्याआधीच, २०१२ साली, परिहार सेवेचे धोरण स्वीकारले होते. तालुक्याच्या औषध दुकानात ते अजूनही सहज मिळत नाही. मान्यताप्राप्त संस्थेकडूनच घ्यावे लागते. म्हणून पुरवठ्याची सोय रुग्णाला घरी पाठविण्याआधीच व्हावयास हवी.

सर्वांत कठीण निर्णय श्वासनलिकेला छिद्र पाडण्याचा. श्वास कोंडू लागल्यावर मध्यरात्री अपघात विभागात तो घेतला जातो, तेव्हा कोणालाच विचार करण्यास अवसर नसतो. छिद्राने आयुष्य काही आठवडे वाढते, पण बोलणे जाते. ज्याच्या उपचारांची शक्यता शिल्लक आहे, त्याला ते पाडणे रास्त ठरू शकते. ज्याचे उपचार संपले आहेत, त्याला कदाचित नाही. हा प्रश्न रुग्ण बोलू शकत असतानाच त्याला विचारलेला बरा. आणि छिद्र पाडून रुग्ण गावी जाणार असेल, तर नळीतील कफ ओढणारे यंत्र दिवसातून अनेकदा लागते. गावात वीज गेल्यावर ते बंद पडते. पायाने चालणारे यंत्रही मिळते. ते घरातील कोण चालविणार, सुनेला की मुलाला शिकवायचे, नळी कोण बदलणार आणि अडल्यास रात्री कोणाला फोन करायचा, हे सुटीच्या कागदावर लिहून द्यावे लागते.